पोतं एक, खाती अनेक: गल्लीतल्या किराणा दुकानाला कोणता नियम कुठे लागतो

सांगलीच्या गणपती पेठेतून तांदळाचं तीस किलोचं पोतं विश्रामबागेतल्या एखाद्या छोट्या दुकानात येतं. दुकानदाराला ते दोन तऱ्हेने विकता येतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना मागेल तेवढा तांदूळ काट्यावर टाकून द्यायचा, ही एक. दुपारी गर्दी नसते तेव्हा बसून एक-एक किलोच्या पिशव्या भरून फळीवर रचायच्या, ही दुसरी. तांदूळ तोच, भाव तोच, गिऱ्हाईकही तेच. पण दुसऱ्या पद्धतीत दुकानदार नकळत तीन सरकारी खात्यांच्या कक्षेत पाऊल टाकतो.

वैधमापन कायद्याची (२००९) व्याख्या अशी आहे: गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजनाचा माल कोणत्याही वेष्टनात भरला, तर तो 'पूर्ववेष्टित' माल. पिशवीचं तोंड सील केलेलं असो वा नुसता रबर लावलेला असो, फरक पडत नाही. असा माल म्हटला की पिशवीवर मजकूर हवा: वस्तूचं नाव, निव्वळ वजन, भरणाऱ्याचं नाव-पत्ता, भरल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. वजन किलोच्या आत असेल तर दर ग्रॅमची किंमत, किलोच्या वर असेल तर दर किलोची किंमतही लिहावी लागते. शिवाय पॅकिंग करणारा म्हणून नोंदणी वेगळी. हे झालं पहिलं खातं, ज्याला पेठेत सगळे 'वजनमापे' म्हणतात.

दुसरं अन्न व औषध प्रशासन. दुकानाची अन्न नोंदणी 'किरकोळ विक्रेता' म्हणून असते. आपल्या हाताने पिशव्या भरून, त्यावर आपलं नाव घालून विकणं हा त्यांच्या लेखी 'रिपॅकर'चा धंदा, आणि तो प्रकार नोंदणीत दाखवलेला नसेल तर ती नोंदणी त्या कामापुरती अपुरी पडते. तिसरं खातं जीएसटीचं. १८ जुलै २०२२ पासून तांदूळ, डाळी, पीठ असा माल २५ किलोपर्यंतच्या लेबल लागणाऱ्या पॅकिंगमध्ये असेल तर त्यावर ५ टक्के कर आहे. तोच माल सुटा विकला तर कर नाही. बाजारात पंचवीसऐवजी तीस किलोची पोती का दिसू लागली, त्याचं उत्तर याच आकड्यात आहे. जीएसटीची नोंदणी नसलेल्या दुकानाला (महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत) ही तिसरी भानगड लागत नाही. पहिल्या दोन मात्र लागतातच.

दुपारी पिशव्या भरून ठेवण्याची सवय सोडवत नसेल तर सरळ लेबल छापून घ्यावं आणि नोंदणीत प्रकार वाढवून घ्यावा. नाहीतर सुटंच विकावं. पिशवी भरलेली पण कोरी, हा मधला मार्ग सगळ्यात महागात पडतो, आणि बहुतेक दुकानांत नेमका तोच चालू असतो.

कोण काय बघतं

दुकानात कोणीही फाइल घेऊन आलं की 'पालिकेचे लोक आले होते' असं म्हणायची पद्धत आहे. त्यात बरंच चुकतं. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका बघते ती रस्त्यावरची जागा, फलक, प्लास्टिक, कचरा आणि घरपट्टी. फळीवरचा माल अन्न व औषध प्रशासन बघतं, काटा वजनमापे बघतं, नोकर आणि पाटीची भाषा कामगार खात्याच्या कायद्यात येते. प्रत्येकाला दुकानाचा एकच कोपरा दिसतो, आणि एका खात्याचा कागद दुसऱ्याला चालत नाही. 'आमच्याकडे शॉप ॲक्ट आहे' हे उत्तर काटा तपासायला आलेल्या निरीक्षकाला देऊन उपयोग नाही.

फी म्हणाल तर कोणत्याच खात्याची फार नाही. जातो तो वेळ. मोठ्या सुपरमार्केटमध्ये या कामाला पगारी माणूस असतो. गल्लीतल्या दुकानात मालकच गल्ल्यावर बसतो, मालकच पेठेत जातो, आणि कागदासाठी बाहेर पडायचं तर शटर ओढावं लागतं. नियम दोघांना सारखाच, पण त्याचा भार विक्रीच्या प्रमाणात वाटला जात नाही. म्हणून मग एजंट येतो.

एजंट वाईट असं नाही, पण एक गोष्ट आवर्जून सांभाळायची: अर्जात मोबाईल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच घालायचा. बऱ्याच नोंदण्यांत तो एजंटचा असतो. मग मुदत संपल्याचा निरोप त्याला जातो, ओटीपी त्याला जातो, आणि एजंटने धंदा बदलला की आपल्याच नोंदणीत आपल्याला शिरता येत नाही.

शॉप ॲक्ट

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. वीसपेक्षा कमी माणसं (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) कामाला असतील तर परवाना लागत नाही. धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. हिचं दर वर्षी नूतनीकरण नसतं. नाव, पत्ता, मालक बदलला किंवा दुकान बंद केलं तर मात्र कळवावं लागतं. दुकान किती वाजता बंद करायचं हे आता या कायद्यात नाही. बाजारपेठेचा साप्ताहिक बंद हा व्यापाऱ्यांचा आपापसातला रिवाज आहे.

पाटीचं कलम २०२२ च्या दुरुस्तीने आलं आणि त्यात एकट्या माणसाचं दुकानही सुटलेलं नाही. पाटी मराठीत, देवनागरीत हवी, आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नसावीत. अडचण होते ती शीतपेयाच्या किंवा मसाल्याच्या कंपनीने फुकट बसवून दिलेल्या पाटीची. तिच्यावर कंपनीचं इंग्रजी नाव हातभर आणि दुकानाचं नाव वितभर असतं. शिवाय महापालिकेच्या लेखी स्वतःच्या दुकानाची पाटी वेगळी आणि दुसऱ्याच्या मालाची जाहिरात वेगळी. जाहिरातीला परवानगी आणि शुल्क लागतं. फुकटची पाटी घेताना विक्री प्रतिनिधीकडून निदान एवढं लिहून घ्यावं की जाहिरात शुल्क निघालं तर कंपनी भरेल.

काटा

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त वाद काट्यावरून होतात आणि त्यातले बरेचसे लबाडीचे नसतात.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी, लोखंडी वजनं आणि साध्या तराजूची २४ महिन्यांनी. पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं. काट्याला तारेने शिशाचा सील असतो. काटा दुरुस्तीला उघडला की तो तुटतो, आणि पुन्हा पडताळणी केल्याशिवाय काटा वापरता येत नाही, मग आधीच्या शिक्क्याची मुदत कितीही उरलेली असो. ओळखीच्या मेकॅनिककडून संध्याकाळी काटा उघडून घेतला आणि सकाळी पुन्हा मांडला, तर ते बिनशिक्क्याचं वजन झालं. दुरुस्ती वजनमापे खात्याचा परवाना असलेल्या माणसाकडूनच करावी.

आता काट्याच्या पट्टीवर बघा. मॅक्स (कमाल वजन), मिन (किमान वजन) आणि ई (पडताळणीत धरली जाणारी वजनाची पायरी) अशा तीन खुणा असतात. किराणा दुकानातला नेहमीचा काटा म्हणजे मॅक्स ३० किलो, ई ५ ग्रॅम. या वर्गाच्या काट्याचं किमान वजन ई च्या वीसपट असतं, म्हणजे १०० ग्रॅम. त्याखालचं वजन त्या काट्यावर करणंच चूक. पन्नास ग्रॅम वेलदोडे तीस किलोच्या काट्यावर तोलले तर आकडा दिसतो, पण त्यावर भरवसा नाही: पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे, आणि वेलदोड्याच्या भावात तेवढं म्हणजे गिऱ्हाईक तरी बुडतं नाहीतर दुकानदार. मसाल्यांसाठी सहा किलोचा, ई १ ग्रॅम असलेला दुसरा काटा ठेवावा. त्याची किमान मर्यादा २० ग्रॅम येते. किलोभर साखरेला मोठ्या काट्यावर वापरात असताना ५ ग्रॅमपर्यंत फरक माफ असतो. दहा ग्रॅमचा फरक माफ नाही.

तो दहा ग्रॅमचा फरक येतो कुठून? बहुतेक वेळा पिशवीतून. जाड कागदी पिशवी सहज दहा ग्रॅमची भरते, आणि निव्वळ वजन म्हणजे पिशवी वगळून. रिकामी पिशवी ठेवून 'टेअर'चं बटण दाबायचं, मग माल. दुसरं कारण डोक्यावरचा पंखा: हलक्या वजनाला वारा लागला की आकडा नाचतो. तिसरं, काटा सपाट नसणं. काट्यावर पाणसळीचा छोटा बुडबुडा असतो, तो गोलाच्या मधोमध आहे का हे शटर उघडलं की एकदा बघायचं. काउंटरचा एक पाय खचला तरी वजन चुकतं.

फळीवरचा माल

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, नोंदणीचे नियम २०११ चे. त्या नियमांत रेषा आखली ती वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीवर: आत असेल तर वर्षाला १०० रुपयांत नोंदणी, वर गेली तर राज्याचा परवाना. या रेषा आणि मुदती सरकार बदलत असतं, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी फॉस्कॉस या अन्न नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर चालू आकडा बघावा. मिळणारा क्रमांक १४ आकड्यांचा असतो. तो दुकानात लावायचा आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापायचा.

सांगलीत जास्त लागू पडेल असा नियम सुट्या मसाल्याचा. दळलेला मसाला सुटा विकता येत नाही, पॅकिंगमध्येच विकावा लागतो. हळकुंड पोत्यातून द्या, हरकत नाही. हळद पूड डब्यातून चमच्याने काढून दिली की नियम मोडला. लाल मिरचीची पूड, कांदा-लसूण चटणी यांनाही हेच लागू. कारण उघड आहे: हळकुंड डोळ्यांनी ओळखता येतं, पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही, आणि रंगासाठी लेड क्रोमेट (शिशाचं विषारी पिवळं रसायन) घातल्याची भीती हळदीलाच जास्त. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात, ओळखीच्या गिरणीतून दळून आणलेली हळद सुटी विकणं दुकानदाराला चूक वाटतच नाही. माल अस्सल असला तरी विकण्याची पद्धत बेकायदा ठरते. खाद्यतेलाचंही तसंच, मूळ नियमाप्रमाणे ते पॅकबंदच हवं. डब्यातून किटलीने शेंगतेल मोजून देणं त्यात बसत नाही.

तपासणीला अधिकारी आले की नमुना घेतात, तेव्हा काय होतं ते माहीत असू द्यावं. नमुन्याचे पैसे ते देतात. नमुना चार भागांत सील होतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न प्रशासनाचा वरिष्ठ अधिकारी). चौथा भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी दुकानदार स्वतःच्या खर्चाने तिथल्या तिथे करू शकतो. नंतर सुचलं तर उशीर झालेला असतो. अहवाल १४ दिवसांत अपेक्षित असतो आणि तो विरोधात गेला तर अपील करायला ३० दिवस. कागदावर सही करण्याआधी बॅच क्रमांक आणि पुरवठादाराचं नाव बरोबर लिहिलंय का ते वाचावं.

नमुना नापास झाला तर दुकानदार कुठे सापडतो? कायद्यात विक्रेत्याची जबाबदारी मोजक्या गोष्टींवर ठरते: मुदत संपलेला माल विकला, घाणीत ठेवला, चुकीच्या लेबलचा विकला, असुरक्षित आहे हे ठाऊक असून विकला, किंवा माल कोणाकडून घेतला ते दाखवता आलं नाही. शेवटचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. घाऊक व्यापाऱ्याकडून बिलाविना घेतलेला माल दोन रुपये स्वस्त पडतो आणि नापास झाला की तो सगळा आपल्या अंगावर येतो. पुरवठादाराचा अन्न परवाना क्रमांक असलेलं पक्कं बिल निदान त्या बॅचचा माल संपेपर्यंत, खरं तर मुदत संपेपर्यंत जपावं.

बाकी रोजची शिस्त: पोती जमिनीला टेकू द्यायची नाहीत, खाली लाकडी फळ्या हव्यात, फिनेल, साबण, उदबत्ती पिठाच्या शेजारी नको, जुनी तारीख पुढे, नवी मागे. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे, आणि सुटी सिगारेट-बिडी विकायला २०२० पासून बंदी. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची पुडीही नाही. किराणा दुकानाने यात पडूच नये. चार आण्याच्या नफ्यासाठी फौजदारी गुन्हा ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

शटरच्या बाहेर

महापालिकेची खरी हद्द इथे सुरू होते. दुकानाबाहेर ठेवलेला आइस्क्रीमचा फ्रिज, वेफर्सचा स्टँड, बटाट्याची पोती, गटारीवर टाकलेली फरशी, पुढे काढलेला पत्रा: हे सगळं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात रस्त्यावरचं अतिक्रमण. बांधकाम पाडायचं तर आयुक्तांना नोटीस द्यावी लागते, पण रस्त्यावर मांडलेल्या वस्तू कलम २३१ खाली नोटिशीशिवाय उचलता येतात. 'नोटीस न देता फ्रिज नेला' ही तक्रार म्हणूनच टिकत नाही. गाळ्याची हद्द मंजूर नकाशावर असते. शटरपुढचा ओटा आपला की रस्त्याचा, हे तो नकाशा बघूनच ठरवावं. शेजाऱ्याचा ओटा तेवढाच पुढे आहे, हा पुरावा नव्हे. गटारीवरची फरशी तर पहिल्या मोठ्या पावसात आपल्याच दुकानात पाणी आणते.

प्लास्टिकबाबत एक फसवणूक हमखास होते. देशभरात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना बंदी आहे. पिशव्यांचा विक्रेता 'ही १२० च्या वरची आहे, चालते' म्हणून गठ्ठा गळ्यात मारतो. महाराष्ट्रात मात्र २०१८ च्या अधिसूचनेने माल वाहून न्यायच्या प्लास्टिक पिशवीला जाडी कितीही असली तरी बंदी आहे. दंड पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. किराणा मालाच्या लहान दुकानाला पहिला दंडच आठवड्याचा नफा खाऊन जातो. कापडी पिशवी किंवा कोऱ्या कागदाची पिशवी, दुसरा मार्ग नाही.

घराची पुढची खोली फोडून शटर बसवलं असेल तर घरपट्टीत तेवढा भाग व्यावसायिक दराने धरला जातो. ते लपवण्यापेक्षा स्वतः कळवलेलं बरं, कारण मागाहून सापडलं की मागील वर्षांची आकारणी एकदम येते. पण व्यावसायिक घरपट्टी भरली म्हणून दुकानाला मंजुरी मिळाली असं होत नाही. राहत्या भागात दुकान चालेल का हे नगररचनेचा विषय आहे आणि ते मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. घर पाडून नवं बांधणार असाल तर हे आधी विचारून घ्यावं.

साताऱ्यात महापालिका नाही, नगरपरिषद आहे. तिथे १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागतो आणि आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात. वजनमापे, अन्न प्रशासन, शॉप ॲक्ट तेच. २०२० मध्ये साताऱ्याची हद्द वाढली आणि शाहूपुरी, विलासपूरसारखी गावं शहरात आली. तिथल्या जुन्या दुकानांच्या कागदांवर पत्ता ग्रामपंचायतीचा असेल तर तो सगळीकडे एकसारखा करून घेणं गरजेचं आहे. कागदोपत्री दोन पत्ते म्हणजे बँकेच्या लेखी दोन दुकानं. नावाचंही तसंच: दुकान मुलगा चालवतो, पण नोंदणी वारलेल्या वडिलांच्या नावावर असते. अन्न नोंदणीत वारसाला ९० दिवसांची मुदत मिळते, त्यात अर्ज करायचा.

पूर

सांगलीतल्या गावभाग, मारुती चौक, कर्नाळ रोड इथल्या दुकानाला पुराचे नियमही वाचावे लागतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात: निळी साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर हवं. भाड्याने गाळा घेताना ही पातळी विचारणारे फार थोडे.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५० हजार रुपये मदत दिली. अशा वेळी दुकान तिथे होतं हे सिद्ध करायला शॉप ॲक्टची पावती आणि स्थानिक नोंदी कामी येतात. वर्षानुवर्षं बिनकामाची वाटलेली ती पावती त्या आठवड्यात लागते, म्हणून तिची प्रत मोबाईलमध्ये आणि गावाबाहेरच्या नातेवाइकाकडेही असावी.

पाणी उतरल्यावर दोन खात्यांचे नियम एकमेकांच्या आडवे येतात. पुराचं पाणी लागलेला अन्नाचा माल विकायचा नाही, नष्ट करायचा. पण पंचनाम्याआधी तो फेकला तर नुकसान कशावर मोजणार? भिजलेला माल दुकानाच्या एका बाजूला किंवा अंगणात वेगळा रचावा, प्रत्येक ढिगाचा तारखेसह फोटो काढावा, वस्तू-वजन-किंमत अशी यादी करून शेवटच्या महिन्याची खरेदीची बिलं जोडावी. पंचनामा झाला की महापालिकेच्या गाडीत द्यावा, आणि पोती फाडून द्यावीत म्हणजे ती परत बाजारात येत नाहीत. पाकिटबंद बिस्किटं, पीठ, चहापूड वरून कोरडी दिसली तरी त्याच ढिगात जातील. पाण्यात बुडालेला काटा सुकवून चालू झाला तरी गिऱ्हाइकासाठी वापरू नये: आधी परवानाधारक दुरुस्तीवाला, मग नवी पडताळणी, मग काउंटर.